उचकीला घ्यायचं नाव

कानिफनाथाला उचकी लागली ती एका सोमवारी, दुपारच्या जेवणात, बाजरीच्या भाकरीच्या दुसऱ्या घासाला. आता उचकीचं काय एवढं? लागती आन जाती. साळूबाईनं तांब्या पुढं सरकवला.

"प्या. सात घोट. कोन आठवन काढतंय बगा."

नवरा सात घोट प्याला. तांब्या खाली ठेवला आन पुन्हा, उचक्.

"रुपाली आसंल," साळूबाई म्हणाली.

रुपाली म्हणजे त्यांची लेक, खर्ड्याला दिलेली. आपल्याकडं रीतच हाय ती. उचकी लागली की समजायचं, कुणीतरी आठवण काढतंय. मंग एकेकाचं नाव घेत बसायचं. ज्यानं आठवण काढली त्याचं नाव आलं, की उचकी गप होती, लपाछपीत पोरगं सापडावं तशी.

रुपालीच्या नावानं उचकी हालली न्हाई. जावयाच्या नावानं न्हाई, दोन्ही नातींच्या न्हाई. साळूबाईनं माहेरचे तिन्ही भाऊ घेतले. पारनेरच्या बाजारात शेजारी बसणारा शेवग्यावाला घेतला. दर साली रानात मेंढरं बसवायला येणारा धनगर घेतला. दिवस कलला तरी एकाच्याबी नावाला उचकी बधली न्हाई.

एक नाव मात्र साळूबाईनं घेतलं न्हाई. पहिल्या घोटापासनं ते तिच्या जिभेवर येऊन बसलं हुतं. बजरंग. त्यांचा एकुलता एक पोरगा. आकरा वर्सं ते नाव त्या घरात निघालं नव्हतं. निघालं की कानिफनाथ हातातलं टाकून उठायचा, माळाकडं चालायला लागायचा आन अंधार पडल्यावर यायचा. दोन येळा तसं झालं, तिसऱ्या येळी तिनं नाव गिळलं. तवापासनं गिळतच हुती.

आता बजरंगाचं सांगायचं तर आधी नारळाचं सांगाया पायजे.

कानिफनाथ पाणाडी. पारनेरच्या वरच्या अंगाला सगळा माळच माळ, दगड आन कुसळं. तिथं विहीर पाडायची तर पाणी कुठं लागंल ते सांगणारा माणूस लागतो. हा माणूस तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी रान चालायचा, आन जिथं खाली पाणी असंल तिथं नारळ हातावर आपोआप उभा राहायचा. कुणी खरं मानो, कुणी न मानो. पर त्याच्या नारळावर पाडलेल्या विहिरी आजबी पाणी देत्यात, आन त्यानं त्या कामाबद्दल एका नारळाच्या पलीकडं कधी कुणाकडनं काय घेतलं न्हाई. तोंडात पाण्याचा घोट घेतला तरी सांगायचा, हे अमक्याच्या विहिरीचं, हे तमक्याच्या बोरचं.

आकरा वर्सांपूर्वी स्वतःच्या रानात, वरच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. बाप-लेकानं विहीर धरली. दगड वर ओढायला यारी लावली, सुरुंग लावले. पंचेचाळीस फुटावर काळा पाषाण. सुरुंग उडाल्यावर सुटा दगड काढायला बजरंग खाली उतरला, आन वरनं दरड आली. बावीस वर्सांचं पोरगं. त्याच्या दहाव्याच्या आत त्या विहिरीला पाणी आलं, पुरुषभर. नारळ खोटा ठरला असता तरी एक वेळ बरं झालं असतं.

त्या विहिरीवर कानिफनाथानं मोटार बसवली न्हाई, की रहाट न्हाई. भोवती बाभळीच्या फांद्या लावून टाकल्या. घरचं पाणी साळूबाई वस्तीच्या टाकीवरनं डोक्यावर आणायची. दुसऱ्याच्या रानात मात्र तो नारळ धरायला जायचा, आन नुसता नारळ धरून यायचा न्हाई. विहिरीचं काम चालू असेतो रोज जाऊन काठावर बसायचा. दिवस मावळताना खाली उतरलेल्या एकेका गड्याला नावानं हाक मारायचा. शेवटचा गडी वर आला की धोतर झटकून घरी.

तर अशा माणसाला उचकी लागली, आन ती चौथ्या दिवशीबी गेली न्हाई.

भिंगारवरनं त्याची थोरली बहीण लंकाबाई आली. नवरा लष्कराच्या छावणीत कामाला हुता, आता ती एकटीच तिथल्या क्वार्टरांशेजारच्या आळीत ऱ्हायची. एसटीतनं उतरली ती पिशवी न ठेवता थेट भावापुढं उभी.

"नाथ्या, माझ्या नथीतला मोती तूच काढलास! आईच्या दिवसाला! मला सगळं कळलंय!"

कानिफनाथ तोंडाकडं बघत राहिला. साळूबाईबी चाट.

"अक्का, म्या कवा... उचक्."

"हात् तिच्या!" लंकाबाईनं पिशवी टाकली. "चोरीचा आळ घातला की भल्याभल्यांची उचकी पळती. ह्येची न्हाई पळली. लहानपनीबी आसाच हुता, कोडगा."

मंग तिनं साखर चारली, श्वास धरायला लावला, पाठीमागनं डबा वाजवला. त्या डब्यानं शेळी दावं तोडून पळाली, उचकी हाय तिथंच. शेवटी लंकाबाई मांडी घालून बसली आन नावं घ्यायला लागली. तिला सगळं गणगोत तोंडपाठ. चुलत्याचे नातू, मावशीच्या सुना, आळीतले भाडेकरू. घेता घेता थकली. साळूबाईनं चहा देता देता हळूच म्हटलं,

"वन्सं, एक नाव ऱ्हायलंय."

लंकाबाईचा कप हातातच थांबला. तिनं भावाकडं बघितलं, तो अंगणात पाठमोरा बसलेला.

"येडी का खुळी तू?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "उचकीला जित्या मानसाचं नाव घ्यायचं. मेलेल्याचं न्हाई. मेलेल्याचं घेतलं की त्यो वळखतो, आन हाताला धरून घेऊन जातो. सासू म्हनायची माझी. कपाळ पुसायचं आसंल तर घे."

साळूबाईनं पुन्हा नाव गिळलं. या येळी भ्या पोटात ठेवून.

आठव्या दिवशी सूर्यभान बोलवायला आला. शेजारचाच, टेम्पो चालवतो, खालच्या अंगाला त्याचं रान. विहीर पाडायची हुती.

"आबा, उचकीचं काय एवढं! हातात नारळ धरायचाय, गानं थोडंच म्हनायचंय."

गेला. साळूबाईबी मागनं गेली, भाकरीचं निमित्त करून. कानिफनाथानं पायताण काढलं, नारळ हातावर आडवा घेतला, डोळे बारीक केले. चार पावलं चालला. उचक्! नारळ टुणकन उभा. बांधावरची माणसं म्हणाली, लागलं! तो पुढं दोन पावलं गेला. उचक्! नारळ उभा. खडकावर उभा, पांदीत उभा, सूर्यभानच्या उकिरड्याजवळबी उभा.

"आबा, ह्यो तर समुद्रच निगाला की माझ्या रानात!" सूर्यभान म्हणाला आन सगळी हसली. वाईट मनानं न्हाई, पर हसली. कानिफनाथबी हसायला गेला. त्या हसण्यात उचकी आली, नारळ हातावरनं घरंगळला आन दगडावर पडून फुटला. पाणी मातीत गेलं.

मंग कुणी हसलं न्हाई.

कानिफनाथ वाकला, नारळाच्या दोन्ही वाट्या उचलल्या, सूर्यभानच्या हातात दिल्या. "दुसरा पानाडी बग बाबा," म्हणाला, आन घराकडं चालायला लागला. चाळीस वर्सांत त्याच्या हातनं नारळ पडला नव्हता. त्या दिवसापासनं तो जेवायचाबी कमी झाला. दोन घासाला एक उचकी, अन्न वर यायचं. बरगड्या दिसायला लागल्या.

सोळाव्या दिवशी सूर्यभाननंच टेम्पोत घालून नगरला नेलं. लंकाबाई पुढं, साळूबाई नवऱ्याला धरून मागं. डॉक्टरीण बाई तरणीच हुती, पर शांत. पोट दाबलं, छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं चांगलं निघालं.

"आजोबा, मनाला काही लागलंय का? कसलं टेन्शन?"

"न्हाई. उचक्. न्हाई बा."

साळूबाईनं फरशीकडं बघितलं.

बाईनं कागदावर लिहिलं. "एक-दोन दिवसांत गेली असती तर साधी उचकी म्हटलं असतं. आता ही क्रॉनिक झाली. गोळ्या देते. थांबेल, पण कधी ते नाही सांगता येणार."

टेम्पोत बसल्यावर लंकाबाई साळूबाईच्या कानाला लागली. "क्रॉनिक म्हनली ती. ऐकलं का? आमच्या शेजारनीला क्रॉनिकच निगालं हुतं. पंदरा दिसांत गेली. लई जालीम आस्तंय."

 साळूबाई घरी आली, नवऱ्याला गोळी दिली, आन तो कागद पदरात घेऊन तडक विष्णुपंत गुरुजींकडं गेली.

गुरुजी गावातल्या मारुतीच्या देवळामागं राहत. शाळेत छत्तीस वर्सं इंग्रजी शिकवलं, पोरं-सुना पुण्याला, ते एकटेच. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत हुते.

"गुर्जी, ह्यो शबुद काय हाय? क्रॉनिक. मानूस जातं का ह्येनं?"

गुरुजींनी चष्मा वर केला, कागद लांब धरून वाचला. "बसा साळूबाई. नाही हो, जात नाही माणूस. लोक काय करतात, फार दुखलं की म्हणतात क्रॉनिक. ते चूक आहे. जोराशी त्याचा संबंध नाही. मुळात तो शब्द वेळेचा आहे. विंचू चावला, रात्रभर तडफडलात, सकाळी उतरला. ते क्रॉनिक नाही. आणि गुडघा थोडासाच ठणकतो, पण दहा वर्षं ठणकतो. उठताना आहे, बसताना आहे. त्यानं मरण येत नाही आणि तो बराही होत नाही. ते क्रॉनिक."

"म्हंजी घिऊन जगायचं."

"घेऊन जगायचं. बरोबर बोललात. वर्गात कुणी इतकं नीट सांगितलं नाही मला."

 साळूबाईनं पायरीवरची मुंगी बोटानं बाजूला सारली. मंग म्हणाली,

"गुर्जी, चांगलं कायतरी आस्तंय का क्रॉनिक? म्हंजी सूक, आनंद, आसं?"

गुरुजींनी पेपर मिटला. "नाही. तसा नाही वापरत. दुखण्याला लागतो, खोडीला लागतो, भांडणाला लागतो. चांगल्या गोष्टीला नाही लावत कुणी तो शब्द."

"मला वाटलंच," साळूबाई म्हणाली, आन कागदाची घडी घातली. उठताना तिनं पाठमोरंच विचारलं, "त्यो हुता का वो तुमच्या वर्गात? बजरंग?"

"होता तर. शेवटच्या बाकावर. इंग्रजीच्या तासाला खिशातून पेरू काढून खायचा. आणि मी बघितलं की अर्धा मला द्यायचा."

साळूबाईनं ते ऐकलं आन पदर तोंडाला लावून चालायला लागली. आकरा वर्सांत तिला त्याच्याबद्दल एक नवी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. पेरूचं तिला ठावच नव्हतं.

तो शब्द मात्र गावात सुटला. सूर्यभाननं पारावर सांगितला, आन चार दिवसांत जो तो वापरायला लागला. डीपी जळाली, क्रॉनिक हाय. दुपारची एसटी आली न्हाई, क्रॉनिक. एकाचा मेव्हणा पावणा म्हणून आला तो महिनाभर हालला न्हाई, त्याला तर समोरच "या क्रॉनिक पावणं" म्हणायला लागले. गुरुजी म्हणत, एवढा अभ्यास शाळेत केला असता तर. साळूबाईनं मात्र तो शब्द कुठंच खर्चला न्हाई.

गोळ्या चालू हुत्या. उचकीबी चालू हुती. चोविसाव्या दिवशी सकाळी कानिफनाथ लिंबाखाली बाजेवर पडलेला. चार दिवस नीट जेवण न्हाई, डोळे आत गेलेले. दर थोड्या वेळानं छाती उडायची, जसं आतनं कुणी दार ठोठावतंय. साळूबाई बघत उभी राहिली. मंग तिनं कळशी आन पाणी शेंदायचा सोल घेतला आन वरच्या कोपऱ्याकडं गेली.

बाभळीच्या फांद्या आकरा वर्सांत वाळून काटक्या झाल्या हुत्या. हाताला काटे लागले, पर निघाल्या. खाली पाणी हुतं. लख्ख. वर आभाळाचा तुकडा. तिनं कळशी सोडली, भरून वर घेतली. तांब्या भरून नवऱ्यापुढं धरला.

"प्या. सात घोट."

कानिफनाथ कोपरावर उठला. एक घोट घेतला आन तोंडातच धरला. पाणाडी माणूस. गिळायच्या आधीच तिच्याकडं बघायला लागला.

"साळे. ह्ये पानी कुटलं?"

"तुमाला ठाव न्हाई का?"

"टाकीचं न्हाई. सूर्यभानच्या बोरचं न्हाई. ह्ये... उचक्. ह्ये म्या कदी प्यालो न्हाई."

"न्हाईच प्यालात. वरच्या कोपऱ्यातलं हाय."

तो आता उठंल आन माळाकडं जाईल, असं तिला वाटलं. उठायला गेलाबी. पाय खाली सोडले. पर पायात जीव नव्हता, बाजेच्या काठावर तसाच बसला. तांब्या दोन्ही हातात.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. आन दुसरा घोट घेतला.

"आता नाव घ्या."

"कुनाचं?"

"ऱ्हायलंय कुनाचं? समद्या मुलखाची घेऊन झाली. म्या घेतलं आसतं, तुमी उटून जाता. म्हनून म्हनते, तुमीच घ्या."

"अक्का म्हनती, मेलेल्याचं..."

"मला ठाव हाय वन्सं काय म्हनत्यात. मला भ्या न्हाई का वाटत? चोवीस दिस झालं, भ्याच खातीया मी. पर तुमी आसंच झिजून जानार आसाल तर त्याचं नाव घेऊन तरी जावा."

कानिफनाथाची छाती पुन्हा उडाली. तो तांब्यात बघत बोलायला लागला, तांब्यालाच सांगितल्यागत.

"त्या दिशी खाली मीच उतरनार हुतो. पायरीला पाय लावला हुता. त्यो मागनं आला आन म्हनला, आबा, तुमी नारळ धरायचं मानूस, पहार धरायचं न्हाई, सरा. माझ्या हातातली पहार काढून घेतली. आन म्या सरलो. उचक्. खाली गेल्यावर म्या हाक बी मारली न्हाई त्याला. म्हटलं, येईल की वर."

साळूबाई खाली मातीत बसली.

"मारा की हाक," ती म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं. "बज..." उचकीनं नाव मधीच तोडलं. पुन्हा घेतलं. "बजरंग." आन जरा मोठ्यानं, विहिरीच्या काठावरनं गड्यांना मारायचा तशी, "बजरंगाऽ!"

घरातनं लंकाबाई पिठाच्या हातानं पळत आली. "नाथ्या! आरं काय करतोस! बोलावून नेईल त्यो तुला!"

"नेऊ दे अक्का. आकरा वर्सं म्या हाक मारली न्हाई, त्यानं तरी किती वाट बगायची?"

 लिंबाच्या काड्या खाली पडत हुत्या. आता उचकी थांबणार असं साळूबाईला वाटलं. लंकाबाईला वाटलं, भावाचा जीवच थांबणार.

उचक्.

दोन्ही झालं न्हाई.

पर त्या दिवसापासनं एक झालं. उचकी आली की कानिफनाथ म्हणायचा, "बजरंग." चहा पिताना, दाढी करताना, शेळीला पाला टाकताना. उचक्, बजरंग. आन नावापाठोपाठ कायतरी निघायचं. दुधाच्या पातेल्याची खरवड खायला बहिणीशी मारामारी करायचा. जत्रेत हरवला तर रडला न्हाई, कुस्तीच्या फडात जाऊन बसला आन नारळ जिंकून आला. कधी साळूबाई सांगायची, कधी तो. लंकाबाई पहिले दोन दिवस कानावर हात ठेवून बसली, तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "भिंगारला आला की माझ्या नव्या चपला घालून हिंडायचा मेला, बायकांच्या!" आन हसता हसता रडली. गुरुजी येऊन पेरूचं सांगून गेले. वरच्या विहिरीचं पाणी घरात यायला लागलं. कानिफनाथाचं जेवण वाढलं. उचकीच्या मधल्या फटीत घास घालायला तो शिकला.

साळूबाईचं काय सांगावं? आकरा वर्सं उपाशी ठेवलेल्या माणसानं ताटावर बसावं तशी ती प्रत्येक उचकीची वाट बघायची.

आन बाराव्या दिवशी, सकाळच्या चहाला, उचकी थांबली.

गोळ्यांनी थांबली का कशानं, देव जाणे. कानिफनाथानं कप खाली ठेवला, छातीवर हात ठेवून वाट बघितली. आली न्हाई. दुपारी न्हाई, सांजच्याला न्हाई. लंकाबाईनं मारुतीपुढं नारळ फोडला, "माझ्या भावाला न्हेलं न्हाई पोरानं, शाना हाय" म्हणाली, आन दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं भिंगारला गेली. सूर्यभान पेढे घेऊन आला, पुन्हा रान बघायला यायचं सांगून गेला. कानिफनाथानं नवा नारळ निवडला, कानाशी धरून हालवून बघितला.

घर गप झालं.

मुद्दाम कुणी केलं न्हाई तसं. उचकी नव्हती, म्हणून नाव घ्यायला निमित्त नव्हतं. माणूस मुळातलाच अबोल, जुन्या वाटेला लागला. साळूबाई एक-दोन येळा बोलायला गेली, पर उचकीशिवाय ते नाव कसं काढायचं ते दोघांनाबी जमंना. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले.

ती गुरुजींकडं गेली, ताकाचा तांब्या घेऊन.

"थांबली वो उचकी, गुर्जी."

"कळलं. छान झालं."

"त्यांची थांबली." तिनं तांब्या ओट्यावर ठेवला. "मला मात्र घिऊन जगायचंय. त्याला दुसरा कोन्ता शबुद हाय का?"

गुरुजींनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा घातला.

"नाही, साळूबाई. तोच."

त्या दिवशी सांजच्याला कानिफनाथ अंगणात घायपाताचा दोर वळत बसला हुता. साळूबाई समोर ज्वारी पाखडत हुती. सुपाचा आवाज, दोराचा आवाज. शेळी रवंथ करत हुती. साळूबाईनं सूप थांबवलं. छातीवर हात ठेवला. इकडं तिकडं बघितलं, नव्या नवरीनं बघावं तसं, आन तोंडातनं काढलं,

"उचक्."

दोर वळणारा हात थांबला.

अडतीस वर्सांचा संसार. साळूबाईची खरी उचकी कशी असती ते त्याला ठाव हुतं, बारीक, दोन-दोन लागोपाठ, मांजराच्या पिलावानी. ही तशी नव्हती. त्यानं बायकोच्या तोंडाकडं बघितलं. तिनं सुपात बघितलं, कान लाल झालेले.

कानिफनाथ उठला. रांजणापाशी गेला, तांब्या भरला, तिच्यापुढं उकिडवा बसला.

"पी," म्हणाला. "सात घोट. बजरंग आसंल. आठवन काढत आसंल."

साळूबाईनं तांब्या घेतला. वरच्या विहिरीचं पाणी. सहा घोट प्याली आन सातवा तांब्यात तसाच ठेवला.